तेलाचं पहिलं बोट

फार पूर्वी, वस्तूंना अजून बोलायची मुभा होती तेव्हा, खाडीकाठी जानू तांडेल नावाचा म्हातारा राहायचा. गळाची काठी तो स्वतः बनवायचा. बांबू शेकून सरळ करायचा, कड्या दोऱ्याने घट्ट बांधायचा. मासे धरून घरी आला की सगळं सामान पुसून त्याला खोबरेल लावायचा.

तेलाचं पहिलं बोट कुणाला, यावरून सामानात रोज भांडण.

"मासा पेलला मी," काठी म्हणायची.

"ओढला मी," दोरी म्हणायची.

"मी खूण केली नाही तर कळणार कुणाला?" पाण्यावर तरंगणारं बूच म्हणायचं.

"पण धरला कुणी?" एवढंच विचारून गळ तोऱ्यात पुढे सरकायचा.

एका संध्याकाळी आमिषाच्या डब्यात एक गांडूळ उरलं होतं. काठीने त्यालाच विचारलं, "तू तिऱ्हाईत आहेस. सांग, मासा कुणामुळे मिळतो?"

"मला कसं ठाऊक असणार?" गांडूळ अदबीने म्हणालं. "माझे भाऊ सकाळी तुमच्याबरोबर गेलेत, ते सांगतील. अजून आले नाहीत. उद्या माझी पाळी आहे. परत आलो की सांगतो."

बूच दोरीकडे बघू लागलं.

तांडेल तेलाची वाटी घेऊन आला. त्या दिवशी गळ पुढे सरकला नाही.