फौजदाराची हलगी

फार फार वर्षांपूर्वी एक भलामोठा परगणा होता. गावं चौऱ्याऐंशी आणि त्यांची राखण करायला फौजदार एकच! हाताखाली शिपाई अवघे चार. या टोकाहून त्या टोकाला जायचं, तर घोड्यालाही तीन दिवस लागत.

फौजदार मोठा इमानी. लाच नाही, आळस नाही. खोड मात्र एक होती. आपण गावात शिरताना वेशीवर हलगी वाजलीच पाहिजे, असा त्याचा दंडक. हलगी कडाडली, की स्वारी खूश! मग काय, गावोगाव तीच रीत पडली.

पण गुरं चोरणारी टोळी काही हाती लागेना. फौजदार उगवतीला गेला, की मावळतीची गुरं गायब. तो धापा टाकत मावळतीला आला, की उगवतीला बोंब. शेवटी राजाने निरोप धाडला, पोळ्यापर्यंत चोर पकडा, नाहीतर पागोटं उतरवून घरी बसा.

पोळ्याला आठ दिवस उरले आणि ठकूआजीची खिलारी जोडी गेली. आजीला मूल ना बाळ, जे काही होतं ते हे दोन बैल. पोळ्यासाठी तिने नव्या झुली शिवून ठेवल्या होत्या.

फौजदार हलगीच्या गजरात तिच्या दारी आला. आजी झुली मांडीवर घेऊन बसली होती, उठलीसुद्धा नाही. एकटा माणूस कुठे कुठे पुरणार, असं तो पुटपुटला.

आजी म्हणाली, "तू कुठं आहेस, हे चोराला कोण सांगतं, लेका? तुझीच हलगी. दोन कोस ऐकू जाते ती. अन् माझे बैल नेले, तेव्हा गावची हलगी खुंटीला टांगलेली होती, कुणी वाजवलीच नाही."

फौजदाराला राग आला. मग लाज वाटली. पण माणूस खरा, त्याने आजीचे पाय धरले. त्याच पावली चारही शिपाई हुकूम देऊन चार दिशांना पिटाळले. यापुढे हलगी आपल्यासाठी वाजवायची नाही, चोर दिसला की वाजवायची. ऐकेल त्या गावाने पुढे वाजवायची आणि आपापली वाट अडवायची!

पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, टोळीने नदीकाठची गुरं हाकलली. मागे हलगी कडाडली. चोर हसले. फौजदार तिकडे आलाय, म्हणजे पुढे रान मोकळं! ते पुढे धावले, तर पुढेही हलगी. डावीकडे वळले, तिकडेही. उजवीकडे तर एकदम तीन! प्रत्येक वाटेवर माणसं, कुणाच्या हाती काठी, कुणाच्या हाती मुसळ.

"अरे, फौजदार आहेत तरी किती?" म्होरक्या मटकन खालीच बसला.

फौजदार घोडा फेकत पोचला, तोवर टोळी दोरखंडाने बांधून तयार! डोंगरातल्या घळीत लपवलेली गुरं सापडली, आजीची जोडीसुद्धा. आजी बैलांच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी नव्या झुली घालून बैल वेशीतून आले. हलगी वाजली ती त्यांच्यासाठी. पागोटं शाबूत राहिलेला फौजदार मागून पायी चालत होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

तात्पर्य : राखणदार स्वतःचा डंका पिटतो तिथे चोराचं फावतं, रयतेला जागं करतो तिथे चोराला वाट उरत नाही.