नऊ पायऱ्यांचं चर्च

शेवंतीनगरातल्या ख्रिस्ती मंडळीचं जुनं पत्र्याचं चर्च पाडून नवं बांधायचं ठरलं. आर्किटेक्ट राजहंस साहेबांनी सगळ्यांसमोर नकाशा पसरला आणि जाहीर केलं, “दारापुढे नऊ पायऱ्या! देवाचं घर उंचावरच शोभतं. यात बदल होणार नाही.”

मंडळीतली निम्मी माणसं गुडघेदुखीनं हैराण. पण एवढ्या मोठ्या साहेबापुढे बोलणार कोण? चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसुद्धा नकाशाकडे बघून मान डोलवत होते. शेवटी काठी टेकत सलोमीबाई उठल्या. चाळीस वर्षं चर्च त्याच झाडत होत्या.

“साहेब, तुम्ही जाणकार. प्रभू येशू जन्मला, त्या गोठ्याला किती पायऱ्या असतील हो?”

साहेब खो-खो हसले. “अहो बाई, गोठ्याला कुठं पायऱ्या असतात? गुरं आत जाणार कशी?”

“तेच म्हणते मी. देवानं जन्माला येताना गुरांना सोयीची जागा निवडली. तुम्ही आमची सोय निदान गुरांइतकी तरी बघा!”

पाळकांना हसू आवरेना. साहेबांनी पायऱ्या खोडायला खोडरबर मागितलं.

नाताळच्या उपासनेला नव्या चर्चच्या दारापुढे पायऱ्यांऐवजी केलेल्या उतारावरून सलोमीबाई सगळ्यांच्या आधी आत गेल्या. काठी त्यांनी उताराच्या खालीच, चपलांपाशी ठेवली होती.