लाल बेडकाचा चौथा पाय

ऐका हं. चुळबुळ नको.

फार लांब, मेक्सिको नावाच्या देशात, एक डोंगर आहे. डोंगरावर एक अंगण. अंगणात शुंकामावशी विपील विणते.

विपील म्हणजे काय? बायकामुलींचा अंगरखा. त्याला बाह्या नाहीत. बटणं नाहीत. मधे एक भोक. भोकात डोकं घातलं की झालं. हा विपील होता मारूचसाठी. मारूच म्हणजे मावशीची लेक, चार वर्षांची.

मावशीचा मागही मजेचा. एक टोक झाडाला बांधलेलं. दुसरं टोक मावशीच्या कमरेला. मावशी मागे रेलली की दोरे ताठ. पुढे झुकली की ढिले. खटक् खटक्. खटक् खटक्.

समोर रोज एक बेडूक येऊन बसायचा. लिंबाएवढा. पण भारी चौकस. हे काय? ते कशाला? असं का?

एके सकाळी त्याला कापडात एक लाल बेडूक दिसला.

"हा कोण?"

"तूच की," मावशी म्हणाली. "रोज समोर बसतोस, म्हणून तुलाच विणलं."

बेडूक खूश. तो पाय मोजायला लागला. एक. दोन. तीन.

"चौथा कुठे?"

"लाल दोरा संपला रे. तुझं डोकंच मोठं विणलं गेलं माझ्याकडून."

"पिवळा चालेल?"

"छे. कापडातला बेडूक लालच असतो."

"मी तर मातकट आहे."

"तू अंगणातला. हा कापडातला. उद्या जत्रा आहे. दोरा नाही मिळाला, तर हा बेडूक उसवीन. तिथे पिवळं फूल काढीन."

बेडकाला फार वाईट वाटलं. आत्ता कुठे तो कापडात आला होता.

"मग जा ना दोरा आणायला."

"कशी जाऊ? कमरेला माग बांधलाय. उठले तर सगळं ढिलं पडेल. तूच जा. लाल दोरा आण, मग पाय विणते."

निघाला बेडूक. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

वाटेत रंगारीकाका भेटले. हात कोपरापर्यंत रंगलेले.

"रंगारीकाका, रंगारीकाका,
दोरा द्या.
दोरा मावशीला,
पाय बेडकाला."

काका म्हणाले, "माझ्याकडे नुसता पांढरा दोरा. लाल पूड आण, मग दोरा रंगवतो."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. निवडुंगदादा भेटला. त्याच्या पानांवर पांढरा पांढरा भुरा. भुऱ्यात वाळके किडे. चोळले की त्यांचीच लालभडक पूड. कोण म्हणेल?

"निवडुंगदादा, निवडुंगदादा,
पूड दे.
पूड काकाला,
दोरा मावशीला,
पाय बेडकाला."

दादा म्हणाला, "हात लावशील तर काटे टोचतील. झाडून घ्यायला मऊ केस आण, मग पूड देतो."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खारूताई भेटली. शेपटी ही एवढी झुबकेदार.

"खारूताई, खारूताई,
केस दे.
केस दादाला,
पूड काकाला,
दोरा मावशीला,
पाय बेडकाला."

ताई म्हणाली, "फुकट कोण देतंय? मक्याचा दाणा आण, मग केस देते."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. शेतात मकाभाऊ उभा. सळसळ सळसळ.

"मकाभाऊ, मकाभाऊ,
दाणा दे.
दाणा ताईला,
केस दादाला,
पूड काकाला,
दोरा मावशीला,
पाय बेडकाला."

भाऊ म्हणाला, "मला अळ्या लागल्यात रे. पानं कुरतडतात. कटर कटर. अळ्या खाणारं कुणीतरी आण, मग दाणा देतो."

बेडूक दमला होता. पण बसून चालतंय का? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टोपलीत कोंबडीकाकू बसली होती. अंड्यांवर. चिडकी.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू,
अळ्या खा.
अळ्या भाऊच्या,
दाणा ताईला,
केस दादाला,
पूड काकाला,
दोरा मावशीला,
पाय बेडकाला."

काकू म्हणाली, "मी उठले तर अंडी गार पडतील. अळ्याच खायच्यात ना? मग तू काय करतोस? तुला जीभ नाही?"

बेडकाने जीभ बाहेर काढली. बघितली. लांब होती. चिकट होती.

सकाळपासून गावभर हिंडला, आणि हे याला सुचलंच नाही! असतात अशी माणसं. बेडूकसुद्धा असतात.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडूक शेतात परत आला. एक अळी, गट्. दुसरी अळी, गट्. तिसरी, चौथी, पाचवी, गट् गट् गट्. पोट टम्म.

मकाभाऊने दाणा दिला.
दाणा खारूताईला. ताईने केस दिले.
केस निवडुंगदादाला. झाड झाड झाडलं, दादाने पूड दिली.
पूड रंगारीकाकाला. काकांनी हंडा चढवला. बुडबुड बुडबुड. पांढरा दोरा आत गेला, लाल दोरा बाहेर आला.

दोरा तोंडात धरला, म्हणून बेडकाला वाटेत एकही प्रश्न विचारता आला नाही. केवढी शांतता!

दोरा मावशीला. आणि पाय?

खटक् खटक्. खटक् खटक्.

एक. दोन. तीन. चार. बेडकाने पुन्हा मोजले. चारच.

दुसऱ्या दिवशी जत्रा. मारूचने भोकात डोकं घातलं. विपील अंगात. छातीवर लाल बेडूक. ढोल वाजला, ढमढम ढमढम. मारूच कसली थांबते? तिने उडी मारली.

टुणुक.

तिच्याबरोबर लाल बेडूकही उडाला. चारही पायांनी. खाली बसलेला मातकट बेडूक डोळे मोठे करून बघत होता.

"मावशी," तो म्हणाला, "मी किती उंच उडतोय."

गाठ मारली, घडी केली,
गोष्ट आमची पेटीत गेली.