चौदाव्या पानावरचा आकडा

एका गावात एक जाडजूड पुस्तिका होती. ती लिहिणाऱ्यांना तिचा फार अभिमान होता, आणि ती वापरणाऱ्यांना तिची भीती वाटायची.

पुस्तिका त्या गावच्या दूध संघाची होती. संघाची आसपास चाळीस संकलन केंद्रं होती. गावोगावचं दूध सकाळी केंद्रावर यायचं, स्टीलच्या मोठ्या टाक्यांत थंड व्हायचं आणि दुपारच्या टँकरने शहराकडे जायचं. टाक्या चालवायला प्रत्येक केंद्रावर एक कॉम्प्युटर होता. त्यावर एक आज्ञा टाइप केली की टाकी थंड होई, दुसरी टाइप केली की धुतली जाई. अशा दोनशे बारा आज्ञा होत्या. पुस्तिकेत एका आज्ञेला एक पान होतं.

तनुजा कॉलेजात कॉम्प्युटर शिकून, पहिल्या वर्गात पास होऊन संघात लागली. तिला प्रोग्रॅम लिहायचे होते. पण पुस्तिका विभागाचे प्रमुख ताम्हाणेसाहेब यांनी तिच्यापुढे पुस्तिका ठेवली.

“छपाईच्या चुका काढ. टिंबं, रेघा, कंस. आशयाला हात लावायचा नाही. तो आम्ही वीस वर्षांपूर्वी पक्का केला आहे.”

शेजारच्या खोलीत प्रोग्रॅम लिहिणारी मुलं बसायची. त्यांतला सारंग जाता-येता डोकावायचा. “काय मॅडम, आज किती टिंबं टिपली?”

“तुझ्या प्रोग्रॅममधल्या चुकांपेक्षा चार कमी,” तनुजा म्हणायची. पण मनातून तिला ते लागायचं.

तरी काम तिने चोख केलं. नवव्या पानावर दोन ओळी एकमेकींत घुसल्या होत्या, त्या सोडवल्या. एकतिसाव्या पानावर उघडलेला कंस पुढची सहा पानं बंदच झाला नव्हता, तो बंद केला. एका तक्त्यातला रकाना एक घर खाली सरकला होता आणि ताकाचं तापमान दुधासमोर आलं होतं. तो वर नेला. ही पुस्तिका मोठमोठ्या माणसांच्या टेबलांवर वर्षानुवर्षं पडून होती. त्यांतल्या एकालाही तो कंस दिसला नव्हता.

मग तिला एक मोठी चूक दिसली. अशा पुस्तिकांची एक जुनी रीत असते. जे जसंच्या तसं टाइप करायचं, ते ठळक छापतात. ज्याच्या जागी आपलं काही घालायचं, ते तिरपं छापतात. चौदाव्या पानावर टाकी थंड करायची आज्ञा होती: ‘थंड १’. जुन्या प्रतीत त्यातला ‘थंड’ ठळक होता आणि ‘१’ तिरपा. म्हणजे ‘थंड’ आहे तसंच लिहा, आणि एकच्या जागी आपल्या टाकीचा नंबर घाला. नव्या आवृत्तीत ताम्हाणेसाहेबांनी सगळी अक्षरं सरळ आणि एकसारखी करून टाकली होती.

तनुजा त्यांच्याकडे गेली. “साहेब, तिरपी अक्षरं परत आणायला हवीत. नाहीतर कुठला आकडा नमुन्याचा आणि कुठला खरा, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?”

“तिरपी अक्षरं घसरल्यासारखी दिसतात,” साहेब म्हणाले. “पान कसं, पलटणीसारखं ताठ उभं दिसलं पाहिजे. आणि केंद्रांवरच्या लोकांना सगळं तोंडपाठ आहे.”

“नवीन माणूस आला तर?”

“तो जुन्याला विचारेल. आम्ही नाही विचारलं?”

तनुजाने पुढे वाद घातला नाही. दोनशे बारा पानं पुन्हा करायची म्हणजे महिना गेला असता. आणि हे काम संपलं की तिला प्रोग्रॅमच्या खोलीत बसवायचं साहेबांनी कबूल केलं होतं. तिने कागदावर ‘तपासले’ असं लिहिलं, खाली सही केली आणि पुस्तिका छपाईला पाठवली.

मे महिन्यात खडकवाडीच्या केंद्रावर गिरजाबाई नावाची नवी ऑपरेटर लागली. नवरा गेल्यावर तिने पस्तिसाव्या वर्षी दहावी केली होती. केंद्रावरचे जुने ऑपरेटर रिटायर होऊन मुलाकडे निघून गेले होते. विचारायला कुणी नव्हतं. होती ती कोरी करकरीत पुस्तिका. गिरजाबाईने तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

पहिले सात दिवस दूध पहिल्या टाकीत भरलं होतं. आठव्या दिवशी सकाळी ते तिसऱ्या टाकीत भरलं. गिरजाबाईने चौदावं पान उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि पानावर होतं तेच टाइप केलं: ‘थंड १’. पडद्यावर ‘ठीक आहे’ असं आलं. तिने निर्धास्तपणे पुस्तिका मिटली.

कॉम्प्युटरने सांगितलेलं काम केलं. पहिली टाकी गारेगार झाली. ती रिकामी होती.

दुपारी दोनला टँकर आला, तेव्हा तिसऱ्या टाकीतलं दूध नासलं होतं. पंधराशे लिटर दूध ओढ्यात सोडून द्यावं लागलं. ज्या बायकांनी पहाटे उठून ते काढलं होतं, त्या काठावर उभ्या राहून बघत होत्या. गिरजाबाईला कुणी काही बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संघाच्या कचेरीत बैठक बोलावली. त्याआधी ताम्हाणेसाहेबांनी तनुजाला बाजूला घेतलं.

“प्रोग्रॅमच्या खोलीचं तुझं पत्र माझ्या टेबलावर आहे. संध्याकाळी सही करतो. बैठकीत विचारलं तर पुस्तिका तपासलेली आहे, एवढंच सांग. खोटं बोलायला मी सांगत नाही. तपासलेलीच आहे ना?”

बैठकीत संघाचे चेअरमन अण्णा मधल्या खुर्चीत होते. दोन्ही बाजूंना संचालक होते. गिरजाबाई दाराशी उभी होती. बस म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“पुस्तिकेत चूक नाही,” ताम्हाणेसाहेब म्हणाले. “अलीकडेच तपासून घेतली आहे. माणूसच कच्चा असेल तर पुस्तिका काय करणार?”

“मी पुस्तकाभाईरचं एक अक्षर टाकलं न्हाई, सायेब,” गिरजाबाई म्हणाली. “पुस्तकात एक हुता, मी एक टाकला.”

“अगं, पण एक म्हणजे टाकीचा नंबर, एवढं कळू नये?” एका संचालकांनी विचारलं.

“मला वाटलं, थोडं थंड, लई थंड, असं कायतरी असंल. आमच्या पंख्याला असतं तसं.”

संचालक हसले. अण्णांनी समोरचा कागद ओढला. गिरजाबाईला कामावरून काढल्याचं पत्र टाइप करून तयार होतं. पेन उघडता उघडता त्यांनी तनुजाकडे पाहिलं.

“पोरी, पुस्तक तू तपासलंस म्हणं. मग चूक कुणाची?”

तपासली आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तनुजाने दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

“पुस्तिकेची आहे, अण्णा,” ती म्हणाली. “आणि माझी. मला ती दिसली होती. मी साहेबांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. मग मी गप्प बसले आणि सही केली.”

ताम्हाणेसाहेब उठून उभे राहिले. “तुझं वय काय, तू बोलतेस काय? मी ही पुस्तिका लिहिली तेव्हा तू पाळण्यात होतीस.”

“दूध वय विचारून नासत नाही, साहेब.”

अण्णांनी हात वर केला. “थांबा. चूक हाय म्हणतेस, तर दाव मला.”

कचेरीत टाक्यांना न जोडलेला एक सरावाचा कॉम्प्युटर होता. तनुजाने तो त्यांच्यापुढे सरकवला आणि पुस्तिकेचं पंधरावं पान उघडलं. त्यावर टाकी धुवायची आज्ञा होती: ‘धुवा १ ९०’.

“तिसरी टाकी धुवायची आहे, अण्णा. पान बघून धुवा.”

बावीस वर्षं चेअरमन असलेल्या अण्णांनी पहिल्यांदाच ती पुस्तिका हातात धरली. चष्मा लावला. “आता मी फसत न्हाई,” ते म्हणाले. “एकच्या जागी तीन.” एका बोटाने त्यांनी ‘धुवा ३’ टाइप केलं. मग बोट हवेतच राहिलं.

“हा नव्वद माझा का पुस्तकाचा?”

“तुम्हीच सांगा.”

अण्णांनी संचालकांकडे पाहिलं. एक म्हणाले, “तोही बदलायचा असणार.” दुसरे म्हणाले, “छे, तो राहू द्या.” तिसरे म्हणाले, “मिनिटं असतील ती. नव्वद फार होतात, दहा टाका.” मग सगळे संचालक एकदम बोलू लागले. मघाशी याच माणसांना हसू आवरत नव्हतं.

“ताम्हाणे, पुस्तक तुमचं. तुम्ही सांगा,” अण्णा म्हणाले.

ताम्हाणेसाहेबांनी पान जवळ घेतलं, लांब धरलं, उलटून मागे पाहिलं. “बघावं लागेल,” ते म्हणाले.

तनुजाने बरोबर आणलेली जुनी प्रत पुढे ठेवली. तिथे एक तिरपा होता आणि नव्वद ठळक. “नव्वद म्हणजे पाण्याचं तापमान, अण्णा. त्याला हात लावायचा नाही. दहा टाकलं असतं तर गार पाण्याने टाकी धुतली गेली असती. कॉम्प्युटर ‘ठीक आहे’ म्हणाला असता, आणि उद्याचंही दूध नासलं असतं.”

अण्णांनी टाइप केलेलं पत्र उचललं आणि मधोमध फाडलं.

“आपल्याला समद्यांना मिळून जे कळंना, ते एकट्या बाईला कळावं म्हणत हुतो आपण,” ते म्हणाले. “गिरजाबाई, बसा तुम्ही. कुणीतरी खुर्ची द्या.” मग ते वळले. “आता हे नीट कोण करणार?”

“कारकुनी काम आहे ते,” ताम्हाणेसाहेब म्हणाले. “बसवू कुणालातरी.”

“मी करणार,” तनुजा म्हणाली.

“तुला तर प्रोग्रॅमच्या खोलीत जायचं होतं.”

“प्रोग्रॅम चुकला तर कॉम्प्युटर बंद पडतो, साहेब, आणि सगळ्यांना कळतं. पुस्तिका चुकली तर कॉम्प्युटर चालत राहतो आणि दूध ओढ्यात जातं. मला यातलं जास्त अवघड काम हवंय. फक्त गिरजाबाई माझ्याबरोबर हव्यात.”

त्या दिवसापासून टँकर गेला की गिरजाबाई तीनच्या एसटीने कचेरीत यायची. ती कॉम्प्युटरसमोर बसायची. तनुजा मागे पेन्सिल घेऊन उभी राहायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. गिरजाबाईचं बोट पानावर जिथे थांबेल, तिथे खूण. बोट फार ठिकाणी थांबलं.

“ह्यो बाण कुठं दाबायचा?”

“तो बाण नाही, रेघ वाकडी छापलीय.”

“मग सरळ करा की. एवढी शिकलेली माणसं तुम्ही.”

तनुजा रेघ सरळ करायची. जिथे आपली टाकी, आपलं गाव, आपली वेळ घालायची, तिथे प्रत्येक अक्षर तिरपं केलं. जे तसंच ठेवायचं, ते ठळक केलं. हे सगळं कसं वाचायचं, ते पहिल्याच पानावर चार ओळींत लिहिलं. त्या चार ओळी तिने अकरा वेळा बदलल्या. गिरजाबाईने त्या एका दमात वाचल्या आणि मान हलवली, तेव्हा कॉलेजात पहिला वर्ग मिळाला त्या दिवशीही झाला नव्हता इतका आनंद तिला झाला.

एकदा सारंग डोकावला. “अजून टिंबंच का?”

“हो. तुझ्या एकशे सातव्या आज्ञेची. पान बरोबर आहे, आज्ञाच चुकतेय. ये, दाखवते.”

सारंग आला, त्याने पाहिलं, आणि मुकाट्याने खुर्ची ओढून बसला.

सव्वा महिन्यात पुस्तिका तयार झाली. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘तपासले: तनुजा आणि गिरजाबाई’, आणि पुढे विभागाचा फोन नंबर.

ताम्हाणेसाहेबांनी पानं चाळली. “पानोपानी नाव? एवढा गर्व बरा नव्हे.”

“गर्वच आहे, साहेब. चूक निघाली तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते लोकांना कळायला नको?”

साहेबांनी पुस्तिका मिटून बाजूला सारली. वीस वर्षांत पुस्तिकेत कुठेही त्यांनी स्वतःचा नंबर छापला नव्हता.

नव्या पुस्तिका चाळीस केंद्रांवर पोचल्या. चौथ्या दिवशी टेबलावरचा फोन वाजला. ताम्हाणेसाहेबांनी पेपरमागून वर पाहिलं आणि पुन्हा पेपर वर धरला. तनुजाने फोन उचलला. पलीकडे लांबच्या केंद्रावरचा कुणी ऑपरेटर होता आणि तो तापलेला होता.

“अठ्ठ्याऐंशीव्या पानावरची शेवटची ओळ अर्धी कापलीय. आम्ही काय अंदाजानं वाचायचं? खाली तनुजा म्हणून लिहिलंय, ती कोण?”

“मीच,” तनुजा ताठ बसत म्हणाली आणि पेन्सिल उचलली. “पान माझंच आहे. बोला, काय दिसतंय तुम्हाला?”

तात्पर्य: काम लहान की मोठं, हे वय आणि खुर्ची ठरवत नाही. दिसलेली चूक जो सोडून देत नाही आणि आपल्या कामाखाली आपलं नाव लिहायला घाबरत नाही, त्यानेच कामाचा गर्व करावा, आणि खुशाल करावा.