चिंधी आणि बोलकी पाटी

एका नदीच्या काठाला एक रंगारी राहायचा, हरबा त्याचं नाव. बायको साळू आणि लेक एकुलती, केवडा. मंजिष्ठेच्या मुळीपासून लाल रंग काढायचा आणि कापड रंगवायचं, हाच त्यांचा पिढीजात धंदा.

घरची एक रीत होती. रंगाचा हंडा रोजचा असो की सणाचा, कापडाआधी चिंधी बुडवायची. ती वाळवायची, उन्हात धरून बघायची, मगच कापडाला हात लावायचा. केवडा रांगत होती तेव्हापासून तिच्या खेळात बाहुल्या कमी आणि चिंध्या जास्त.

पण एका वर्षी नदी आटली. गावानं नवी विहीर खणली, आणि त्या पाण्यानं लाल रंग रुसलाच म्हणा ना. कापड निघायचं ते मळकट, भाजक्या विटेसारखं. गिऱ्हाईक तुटायला लागलं. हरबा चुलीपुढे बसून नुसता हंड्याकडे बघायचा.

नदीपलीकडच्या टेकडीवर एक विद्यापीठ होतं. केवडा हुशार, म्हणून तिला तिथं घेतलं. रंगाऱ्यांच्या आळीतून तिथं गेलेली ती पहिलीच. त्या विद्यापीठात प्रत्येकाला एक बोलकी पाटी मिळायची. काहीही विचारा, पाटीवर भराभरा उत्तर उमटायचं. तुमच्या फोनात ती एआय असते ना, तिचीच ही पणजी समजा.

पाटी देताना विद्यापीठाचे आचार्य म्हणाले, "हिनं हजारो पुस्तकं वाचलीत, म्हणून हिला खुशाल विचारा. पण हिला ठाऊक नसलं तरी ही गप्प बसत नाही, तेव्हा पडताळून बघा. हिची मदत घेतली तर तसं सांगा. आणि दुसऱ्याच्या घरातलं हिच्यापाशी बोलू नका. ते पुढं कुठं जातं, मलाही माहीत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला काय जातं?

वर्ष सरत आलं. पदवीदानासाठी शंभर लाल उपरणी लागायची. केवडाच्या शब्दावर विद्यापीठानं ते काम हरबाला दिलं. वर्षभराच्या कापसाचं सूत कातून विणलेली ती उपरणी, दुसरी मिळायची नाहीत. हरबा म्हणाला, "पोरी, ही साधली तर आपण राहिलो. बिघडली तर चूल विझवायची आणि परमुलखात जायचं. पाण्यावर काहीतरी तोड काढ."

तोच विषय केवडानं परीक्षेसाठीही घेतला. परीक्षा आचार्यांच्या परिषदेपुढं व्हायची, आणि त्या सकाळी जो हजर नसेल त्याचं नाव पटावरून जायचं. दिवस भुर्रकन गेले. परीक्षा उद्यावर आली, तेव्हा कुठं केवडानं भल्या पहाटे पाटीला विचारलं, "रुसलेला लाल रंग परत कसा आणू?"

पाटीनं क्षणात लिहिलं, "मंजिष्ठ दुप्पट घाला आणि हंडा खळखळ उकळा. आधार: रंगदीपिका, पान चाळीस."

केवडानं ते पुन्हा वाचलं. आई तर हंड्याला कधी उकळी फुटू देत नसे. पण इथं पुस्तकाचं नाव होतं, पानाचा आकडा होता. तिच्या मनात आलं, आईला काय, अक्षरसुद्धा येत नाही.

शेजारच्या खोलीतली अंबुजा म्हणाली, "बघत काय बसलीस? उतरवून घे. मी तर माझा सगळा निबंध तिच्याकडूनच लिहून घेतला. पाटी चुकते होय कधी!"

केवडानं कृती चिठ्ठीवर लिहिली आणि सकाळच्या फेरीला तात्या नावाड्याच्या हाती दिली. "बाबांना वाचून दाखवा हं तात्या." चिंधी काही तिनं बुडवली नाही. वेळ कुठं होता?

दुपारी ती ग्रंथालयात गेली. पान चाळीस डोळ्यांखालून घालावं, एवढंच तिच्या मनात होतं. ग्रंथालयातल्या आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "रंगदीपिका? पोरी, चाळीस वर्षं या पुस्तकांची धूळ खातोय मी. असलं पुस्तक इथं नाही. यादीतसुद्धा नाही. कुणी सांगितलं तुला?"

केवडानं तिथंच पाटी काढली. तिनं पाटीला विचारलं, "हे पुस्तक खरंच आहे का?"

पाटीनं लिहिलं, "क्षमा करा. तशी खात्री मला देता येत नाही. नाव मी जुळवून लिहिलं असावं."

असावं! आणि चिठ्ठी तर नदीपार पोचली होती.

नदीला नुकतंच पुराचं गढूळ पाणी आलेलं, रंगवायला निकामी, आणि चालत पार जायला उतारही नव्हता. नाव आता एकदाच पलीकडे जाणार आणि उद्या दुपारी परतणार. गेलं तर परीक्षा बुडाली, पटावरचं नाव गेलं. थांबलं तर शंभर उपरणी गेली. आणि वर बाबांना सांगायचं तरी कसं, की मी न बघताच पाठवलं?

मागोमाग आलेल्या अंबुजानं तिचा हात धरला. "वेडी आहेस का? तुला कोण दोष देणार आहे? पाटीनं सांगितलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"पाटीनं सांगितलं गं, पण पाठवलं मी," केवडा म्हणाली आणि पाटी काखेत मारून पळत सुटली.

नाव सुटतच होती. तात्या हसला, "अगं, सकाळी चिठ्ठी पाठवलीस, आता मागोमाग स्वतःच? टपालाला मीच बरा की गं!"

"तात्या, चिठ्ठी दिलीत?"

"दिली म्हणजे काय, दोनदा वाचून दाखवली. तुझा बाप रडला गं आनंदानं. म्हणाला, माझी लेक विद्वान झाली. लागलीच चूल पेटवली त्यानं."

केवडाला वाटलं, पाण्यातच उडी मारावी. समोर काठावर धूर दिसत होता. तिच्याच घरचा धूर, रोजच्यापेक्षा दाट. "तात्या, जोरात मारा ना वल्हं!"

"मारतोय गं बाई. नाव आहे, घोडा नाही."

इकडे अंगणात हंडा खळखळत होता. साळू पदर खोचून आडवी उभी होती. "अहो, रीत ती रीत. आधी चिंधी."

हरबा म्हणाला, "विद्यापीठातून आलेल्या कृतीला चिंधी लावू? म्हणजे लेकीवरच संशय घेतल्यासारखं. सरक बाजूला." आणि त्यानं पहिलं उपरणं आत सोडलं.

दुसरं त्यानं हातात घेतलं, तोच दारातून हाक आली, "बाबा, थांबा! मी चिंधी बुडवली नव्हती!"

हरबाचा हात वरच राहिला. साळूनं काठीनं पहिलं उपरणं बाहेर काढलं. ते लाल नव्हतं. शेणासारखं तपकिरी झालं होतं.

 मग केवडा रडत रडत म्हणाली, "पाटीनं सांगितलं, ते मी न बघता तुम्हाला कळवलं. तुम्हाला वाटलं मी ताडून पाहिलंय. चूक माझी आहे, बाबा."

हरबानं हातातलं उपरणं बाजूला ठेवलं. "तुझी एकटीची कशी? आजोबांपासूनची रीत मी मोडली." मग विचारलं, "आज परीक्षेला नाही का थांबलीस?"

"उद्या सकाळी आहे. ती बुडली."

साळूनं डोळे पुसले आणि चुलीतली लाकडं मागं ओढली. "रडून रंग चढत नाही. चल, चिंध्या काढ."

केवडानं पाटी पुढ्यात घेतली. या वेळी तिनं नीट विचारलं, "पाण्यात काय असलं म्हणजे लाल रंग काळवंडतो? आणि ते पाण्यात आहे की नाही, मी कसं ओळखू?" घरची कृती मात्र लिहिली नाही. ती बापाची, आजाची. ती दुसऱ्याच्या हाती द्यायचा तिला काय हक्क?

पाटीनं लिहिलं, "पाण्यात लोखंड असेल तर असं होऊ शकतं. असं पाणी ठेवल्यावर भांड्याला तांबूस गाळ धरतो. पण तुमचं पाणी मी पाहिलेलं नाही. तुम्हीच तपासा."

केवडानं वाचून दाखवताच साळू म्हणाली, "थांब, थांब. नवी विहीर झाल्यापासून माझ्या रांजणाच्या बुडाला तसलीच तांबडी गाद बसते. घासून घासून नखं गेली माझी!"

मग पाणी रांजणात भरून निवळत ठेवलं, फडक्यानं गाळलं, पुन्हा ठेवलं. एक चिंधी ताज्या पाण्यात, एक दिवसभर ठेवलेल्या, एक दोन दिवस ठेवलेल्या. ताज्या पाण्यातली मळकट. दुसरी जरा बरी. दोन दिवसांच्या पाण्यात, उकळी न फोडता रंगवलेली चिंधी साळूनं उन्हात धरली आणि हरबानं ती तिच्या हातातून ओढूनच घेतली. डाळिंबाचा दाणाच जणू!

नव्व्याण्णव उपरणी झाली. केवडा ती घेऊन विद्यापीठात गेली तेव्हा परीक्षा होऊन चार दिवस झाले होते. परिषदेपुढं ती तपकिरी उपरणं आणि चिंध्यांची माळ घेऊन उभी राहिली. 

आचार्यांनी विचारलं, "हे कुणी शोधलं?"

"लोखंडाचं पाटीनं सुचवलं. गाद आईला आठवली. चिंध्या आम्ही तिघांनी बुडवल्या. आणि हे उपरणं बिघडलं ते माझ्यामुळं."

आचार्यांनी एकेक चिंधी बोटांत फिरवून पाहिली. केवडाला वाटलं, आता घरी जा म्हणणार. पण ते म्हणाले, "चार दिवसांपूर्वी इथं अंबुजानं फार सुंदर निबंध वाचला. मी एकच प्रश्न विचारला, तर तिला पाटीकडे बघावं लागलं. ती आता पुढचं वर्षभर तो पुन्हा लिहिणार आहे, स्वतःच्या हातानं. तू परीक्षा चुकवलीस, त्याची शिक्षा म्हणून तुला सगळ्यांत शेवटी पदवी मिळेल. पटावरचं नाव मात्र राहील."

पदवीदानाला नव्व्याण्णव जणांच्या खांद्यावर लाल उपरणी झळकली. शंभरावं, तपकिरी, आचार्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पाहुण्यांनी विचारलं की ते त्याची गोष्ट सांगायचे.

पुढं दरसालची उपरणी हरबाकडेच आली. आळीतल्या विझलेल्या चुलींवर पुन्हा हंडे चढले. आणि साळू? जिला अक्षर येत नव्हतं ती साळू दरवर्षी नव्या मुलांना पाटी मिळायच्या दिवशी विद्यापीठात जायची, मानानं, सगळ्यांत पुढच्या आसनावर. आचार्य पाटी द्यायचे. आणि साळू प्रत्येकाच्या हातात एकेक कोरी चिंधी ठेवायची.

तात्पर्य: उत्तर कुणीही देवो, माणूस देवो की यंत्र, आधी आपल्या हातानं चिंधी बुडवून बघावी, आणि मदत कुणाची, चूक कुणाची, हे खरं सांगावं.