पुढच्या भोयाची हाक

राजेसुद्धा माणसांच्या खांद्यावरून घाट चढत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात राजाच्या पालखीला आठ भोई होते. पालखी खांद्यावर घेतली की मागच्यांना वाट दिसत नाही. म्हणून सर्वांत पुढचा भोई येसू हाक देई, "दगड आहे", "खड्डा आहे", "पाणी आहे". मागचे त्या हाकेवर पाय टाकत.

सर्वांत मागे असे राणबा. वीस वर्षांत त्याचा पाय कधी चुकला नव्हता आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

एके दिवशी सपाट माळावर पालखी टेकवून सगळे भाकरी खात होते. येसू म्हणाला, "गड्यांनो, पुढं खड्डा आहे. घाटात खुंट्या ठोकल्यात. दोन घोडी शेजारी चालतील एवढा रस्ता आखलाय. घोडागाडी आली की राजांना आठ भोई कशाला लागतील?"

"या माळावर कसला खड्डा?" गोंदा नावाचा भोई म्हणाला. सगळे हसले. राणबाही हसला.

घरी त्याने बायकोला ही गंमत सांगितली. ती काही हसली नाही. म्हणाली, "वीस वर्षं येसूभावजींच्या हाकेवर पाय टाकलात. वाट तेव्हाही दिसत नव्हती. मग आजच काय झालं?"

राणबा जेवता जेवता विचार करू लागला. खांद्याशिवाय आपल्याला येतं काय? खांदा तर बैलालाही असतो. मग त्याला आठवलं, आपण चालताना पालखीतल्या राजांच्या पेल्यातलं पाणी हिंदकळत नाही.

घाटाच्या पायथ्याशी एक कुंभार राहत होता. जिथे गाडी पोचत नाही अशा वरच्या वस्त्यांवर तो बैलांच्या पाठीवरून मडकी पाठवी, आणि निम्मी वाटेतच फुटत. सुट्टीच्या दिवशी राणबा कावड घेऊन त्याच्याकडे गेला. पहिल्याच खेपेला त्याने सात मडकी फोडली. आठ जणांत चालणं वेगळं, एकट्याने कावड तोलणं वेगळं. राजवाड्यावरून येणाऱ्या धान्यातून त्याने कुंभाराची भरपाई केली.

"काय राणबा, आता मडक्यांची पालखी का?" गोंदा विचारी. राणबाला लाज वाटे, तरी तो जात राहिला. पावसाळा येईपर्यंत त्याच्या कावडीतलं मडकं फुटेनासं झालं.

दिवाळीआधी घोडागाडी आली आणि आठही भोयांच्या हातात नारळ पडला. येसूला घाटातला झरा न् झरा ठाऊक होता, तो रस्ता राखणाऱ्यांत गेला. राणबा त्याच सकाळी कुंभाराकडे गेला. गोंदा मात्र दोन महिने राजवाड्याच्या दाराशी बोलावण्याची वाट पाहत बसला.

शेवटी तो राणबाकडे आला. त्याने कावड घेतली, पहिल्याच खेपेला सात मडकी फोडली आणि रस्त्यातच मटकन बसला. घरात पसाभर पीठ नव्हतं, कुंभाराची भरपाई कशातून करणार?

"तुला हे पहिल्यापासूनच जमत असणार," तो म्हणाला.

"मीही सातच फोडली होती," राणबा म्हणाला. "पण तेव्हा माझ्या घरी राजाचं धान्य येत होतं."

गोंदाची भरपाई राणबाने केली. मग आपली कावड उचलून तो पुढे झाला आणि चालता चालता हाक दिली, "दगड आहे." गोंदाने पाय जपून टाकला.

म्हणून सांगतो, नवं काम शिकताना व्हायच्या त्या चुका जुनं काम हातात आहे तोवरच करून घ्याव्यात.