हिरड्यावरच्या मोहोळाची मोजणी

फार मागची गोष्ट. सह्याद्रीतल्या एका डोंगरावर मधमाश्यांची चार मोहोळं होती. प्रत्येक मोहोळातून काही माश्या नवी फुलं शोधायला बाहेर पडत. बहुतेक दिवशी त्या रिकाम्याच परतत, तरी त्यांना पोटभर मध मिळे.

हिरड्याच्या झाडावरच्या मोहोळातून मात्र शंभरांत एकच माशी शोधाला जाई. दर वर्षी सभा भरे आणि दर वर्षी राणीमाशी हळहळे, "बाकीच्यांकडे शंभरांत चार-पाच जातात म्हणे. आपणही वाढवू. पण आधी त्यांचे नेमके आकडे आणा."

आकडे आणायचे तर दूरच्या वाटा ठाऊक हव्यात. त्या फक्त फुलं शोधणाऱ्या माश्यांनाच ठाऊक होत्या. म्हणून त्यांनाच धाडत.

असंच सातवं वर्ष आलं. फुलं शोधण्यात म्हातारी झालेली झिपरी मोजणी करून परतली. तिचे पंख कडांना फाटले होते.

"काय आहेत आकडे?" राणीमाशीने विचारलं.

"चार, पाच आणि सहा," झिपरी म्हणाली. "आणि आपला शून्य, राणीसाहेब. फुलं शोधायला कुणी उरलंच नव्हतं. आम्ही सगळ्या मोजत होतो."

झिपरी पुढे सांगू लागली.

"येताना आपल्याच डोंगरामागे कारवी फुललेली दिसली. सात वर्षांनी एकदा फुलते ती. बाकीची तिन्ही मोहोळं केव्हाच तिथे पोचलीत. आता बहर सरत आलाय."

राणीमाशी घाईने पुढे सरकली. "त्यांच्या शंभरांतल्या किती तिथे आल्या होत्या, ते मोजलंस का?"

झिपरीने फाटके पंख मिटून घेतले.